मावशींची खोली राणी रंगाची

अहो वहिनी, ते कपडे वाळत घालणं राहू द्या जरा, इकडे या कुंपणाशी. कोपऱ्यावरच्या मावशींकडे एवढ्यात गेला होतात का? नाही ना? मग जाऊनच या. बाहेरून पत्ता लागायचा नाही, पावसानं काळवंडलेला तोच आपला क्रीम रंग. पण दार उघडलं की हॉल पिवळाधमक! भिंती पिवळ्या, दारं पिवळी, आजोबांच्या वेळचं फडताळसुद्धा सोडलं नाही. आणि मधल्या दारातून स्वयंपाकघर दिसतं, ते निळं. मी चपला काढायच्याच विसरले.

सुनेचंच डोकं, आणखी कोणाचं? तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. मोने म्हणून चित्रकार होता. आपल्यातले मोने नव्हेत हो, फ्रान्सचा क्लोद मोने! जिव्हर्नी नावाच्या खेड्यात १८८३ साली भाड्यानं राहायला आला, १८९० मध्ये तेच घर विकत घेतलं आणि १९२६ मध्ये जाईपर्यंत तिथंच राहिला. जेवणघर पिवळं, खुर्च्यांसकट. भिंतींवर जपानी चित्रं. शेजारी निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं स्वयंपाकघर. त्याच्याही शेजारणी कुंपणाशी जमल्या असणारच.

पण पोरगी नुसती हौशी नाही हं. आधी पश्चिमेच्या भिंतीची ओल काढून घेतली, मगच पुट्टी. नाहीतर वर कितीही भारी रंग लावा, पुढच्या पावसाळ्यात पोपडे ठरलेले. शेडकार्डावर तर विश्वासच ठेवला नाही तिनं. कार्डावरचा चौकोन बोटाएवढा; तोच रंग चार भिंतींना लागला की एका भिंतीची झाक दुसरीवर पडते आणि सगळंच भडक होतं. म्हणून भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारून ठेवले. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, रात्री दिवे लावून बघायचे. ट्यूबलाइटखाली पिवळा हिरवट दिसायला लागला, तशी ट्यूबच काढली. छत मात्र पांढरंच ठेवलंय, आणि ते बरं केलं. गंमत म्हणजे त्यांची ती जुनी नक्षीची फरशी, लाल-हिरवी, इतकी वर्षं आपण तुडवली. मला तर ती परवा पहिल्यांदा दिसली!

मुलगा कुरकुरत होता. म्हणे, क्रीमच लावू, उद्या घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक बिचकेल. त्यावर मावशी काय म्हणाल्या माहितीय? “विकणार कोण रे? मी बसलेय ना इथे!” आणि स्वतःच्या खोलीला राणी रंग निवडला. एक भिंत नव्हे, चारही! आपण इकडे धरून बसलोय की सासूला हे खपायचं नाही.

काय म्हणालात? क्रीम मळखाऊ असतो? अहो, दिव्याच्या बटणांभोवती बोटांचे डाग सगळ्यात आधी कुठल्या रंगावर दिसतात, सांगा बरं! आपण क्रीम लावतो ते कोणी काही बोलू नये म्हणून. कोणी बोलतही नाही, आणि बघतही नाही.

बरं, शुक्रवारची भिशी त्यांच्याकडेच आहे, लक्षात आहे ना? फक्त पिवळी साडी नेसून येऊ नका. फोटोत नुसतं तोंड दिसेल.