मनकवडा संगणक आणि टॅबची कळ

माणसाने नाव अर्धवट टंकावे आणि उरलेले संगणकाने पूर्ण करावे, या सोयीला आज टॅब कळीचे नाव चिकटले असले, तरी 1970 च्या सुमारास टेनेक्स या कार्यप्रणालीत हे काम एस्केप कळ करीत असे. तेथूनच केन ग्रीअर यांनी ही कल्पना युनिक्सच्या टीसीएसएच या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचून त्या अमलात आणविणाऱ्या मध्यस्थ प्रोग्रॅममध्ये, आणली.

या सोयीचा स्वभाव विलक्षण सोवळा आहे. एखाद्या संशोधकाच्या फोल्डरात 'अहवाल_अंतिम', 'अहवाल_अंतिम_खरा' आणि 'अहवाल_अंतिम_खरा_हाच' अशा तीन फाइली नांदत असतील (आणि त्या नांदतातच), तर 'अह' लिहून टॅब दाबताच बॅश हे शेल जेथवर तिन्ही नावांचे एकमत आहे तेथवरच लिहिते आणि नुसती घंटी वाजवून थांबते; पुन्हा टॅब दाबल्यास ते यादी मांडते, पण यादी शंभरावर गेली तर ती दाखवण्यापूर्वी परवानगी मागते. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट मात्र दर टॅबला एकेक स्थळ समोर आणून बसवतो, आणि मनाजोगते स्थळ घाईत निसटले तर, शिफ्ट धरून मागे येता येते हे ठाऊक नसलेल्यांना, पुन्हा साऱ्यांचे कांदेपोहे खावे लागतात.

सैल जुळणीला असले सोवळे मंजूर नाही. तिच्यात अक्षरांचा क्रम तेवढा पाळायचा, मधली गाळली तरी चालतात; त्यामुळे जुंगुन चोई यांच्या 2013 च्या एफझेडएफ या साधनात 'अंखहा' एवढे पुटपुटले तरी तिसरा अहवाल हजर होतो. सलग आलेल्या आणि शब्दारंभीच्या अक्षरांना येथे जास्त गुण मिळतात.

याहून धाडसी पंथ चुकीच्या आज्ञेमागचा हेतू ओळखू पाहतो. फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी 1964 मध्येच दाखवले होते की, टंकनातील सुमारे 80 टक्के चुका एक अक्षर वाढणे, गळणे, बदलणे किंवा शेजारची दोन उलटणे एवढ्यातच मावतात. मात्र नसलेलीच चूक दुरुस्त केली की काय घडते, याचा दाखला झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील एका आख्यायिकेत सापडतो. वॉरन टाइटलमन यांच्या हेतू ओळखणाऱ्या प्रणालीला कोणी 'डिलीट, चांदणी, डॉलर', म्हणजे डॉलरचिन्हांकित जुन्या प्रती पुसाव्यात, अशी आज्ञा दिली. तशा प्रती नव्हत्याच, तेव्हा प्रणालीने डॉलर ही चूक मानून केवळ चांदणी, म्हणजे यच्चयावत फाइली, पुसायला घेतल्या. असल्या मनकवडेपणापेक्षा बॅशची घंटी बरी.

तरीही हा पंथ टिकून आहे. गिट या साधनात 'पुश'ऐवजी 'प्सुह' टंकले गेल्यास ते जवळची आज्ञा सुचवते, आणि सेटिंगमध्ये तशी सूट दिल्यास काही वेळ थांबून ती स्वतःच चालवते. हा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जात असल्याने, '1 म्हणजे होकार' असे समजून तेथे 1 लिहिणाऱ्यास वर्षानुवर्षे आक्षेप घेण्यासाठी 0.1 सेकंद मिळत असे.