बदलाचा मानकरी

बँकेनं आमची तालुक्याची शाखा कोअर बँकिंगवर न्यायची ठरवली, तेव्हा स्टाफची मनं तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. शाखेत टाय माझ्याकडेच होता.

ट्रेनिंगमध्ये कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची गाठ पडली. त्याचं 1947 चं सूत्र असं: आधी वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा. म्हणजे जुन्या सवयी सैल झाल्याशिवाय नवं शिकवू नका, आणि शिकवलेलं पक्कं झाल्याशिवाय हलू नका. माझ्या डोक्यात राहिला तो फक्त बर्फ.

भर मे महिन्यात रसवंतीतून लादीचा तुकडा आणवला, ताटात घालून काउंटरवर ठेवला आणि बोलत सुटलो. हेड कॅशियरबाई सारख्या हात वर करत होत्या. "शंका शेवटी!" मी दटावलं. (आक्षेपांचं स्वागत करा, असंही ट्रेनिंगमध्ये होतं, पण ते जेवणानंतरचं सत्र.)

बाईंना शंका नव्हतीच. ताटातलं पाणी स्कॅनिंगसाठी काढलेल्या नमुना सह्यांच्या कार्डांत शिरलं होतं, आणि सह्या शाईच्या होत्या. युनियनचे सेक्रेटरी एक कार्ड निथळत म्हणाले, "साहेब, 1993 च्या कराराआधी कॉम्प्युटरविरुद्ध आम्ही काय कमी घोषणा दिल्या? पण हे आम्हाला सुचलं नव्हतं."

मग खातेदारांना नव्यानं सह्या द्यायला बोलावणं आलं. एका आजोबांनी विचारलं, "कुठली करू? तेव्हाची की आत्ताची?"

मी या सह्यांत अडकलो असताना बाईंनी सॉफ्टवेअर कंपनीच्या पोराला चहा पाजून शेजारी बसवलं. चुकीची एंट्री उलटवायची कशी? लिंक गेली तर रांगेला काय सांगायचं? आणि मशीनच्या घोळानं कॅश कमी भरली, तर पैसे कुणाच्या खिशातून? सगळ्या स्टाफच्या पोटात हाच गोळा होता. माझ्या भाषणात लेविन होता, जग होतं, एकविसावं शतक होतं. खिशाचा विषय नव्हता.

नवी सिस्टीम सुरू झाली त्या सकाळी माझा पासवर्ड चुकत गेला आणि आयडी लॉक झाला. छोट्या रकमा बाई आपल्या अधिकारात भराभर देत होत्या, मोठे चेक माझ्या पासिंगसाठी तुंबले. तोवर साहेबांनी रिकामं बसू नये म्हणून त्यांनी मला पासबुकं छापायला बसवलं. पहिलंच मी उलटं घातलं. पैसे काढणाऱ्याच्या नोंदी थेट नियमांच्या पानावर उमटल्या.