कॉम्प्युटरला आहे ना, मग एवढं करून टाक!

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत एक समिती बसते. तीत आजोबा असतात, मामा असतात, पुण्यातला आतेभाऊ फोनवर असतो आणि नेट कॅफेवाला कायम निमंत्रित असतो. उमेदवाराला बोलायची मुभा नसते. ठराव एकमताने मंजूर होतो. कॅप राउंडच्या अर्जात पहिला पर्याय कॉम्प्युटर, दुसरा आयटी, तिसरा एआय आणि डेटा सायन्स, म्हणजे पुन्हा कॉम्प्युटरच. सिव्हिलचे नाव कोणी काढलेच, तर मामा विषय बदलतात. आणि ते बरोबरच आहे. उमरगा-लोहारा भागातली घरे १९९३ च्या भूकंपात पडली, कृष्णेच्या पाण्याची वाट बघण्यात एक पिढी म्हातारी झाली, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे काम चालूच आहे. अशा जिल्ह्यात सिव्हिल इंजिनिअरला काम ते काय असणार?

शिकायची सोय मात्र घरापाशी आहे. वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडून दिले आणि त्याच दशकापासून धाराशिवला तेरणा महाविद्यालय उभे आहे. तुळजापुरात तर मंदिर संस्थाननेच काढलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नवस आणि प्रवेश एकाच गावात, अशी सुविधा आयआयटी मुंबईलाही देता आलेली नाही. परीक्षा घेणारे तंत्रशास्त्र विद्यापीठ तेवढे लोणेऱ्याला, म्हणजे सह्याद्री उतरून कोकणात. पण त्यालाही बाबासाहेबांचेच नाव आणि मराठवाड्याच्या जुन्या विद्यापीठालाही, त्यामुळे विद्यापीठ बदलल्याचे आजोबांच्या लक्षातही आलेले नाही.

पहिले प्रॅक्टिकल तर वर्ग सुरू होण्याआधीच उरकते. ते महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर होते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, जात पडताळणी, आधारला जोडलेले बँक खाते, आणि शेवटी 'सबमिट' दाबल्यावर पडद्यावर गोल फिरणारे चाक. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झाले. मुलींसाठी ही खरोखर मोठी गोष्ट झाली. फक्त चाक सगळ्यांसाठी सारखेच फिरते. सर्व्हरवर ताण आला की काय होते, हे पुढे सहाव्या सत्रात कोणी फळ्यावर शिकवायला लागले, की वर्ग जांभया देतो.

मग अभ्यासक्रम सुरू होतो. कॉम्प्युटरच्या मुलाला आधी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासायला लावतात. तो काटकोनात आला, की सी भाषेला हात घालता येतो. डेनिस रिची यांनी ती बेल लॅबमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. महाराष्ट्रातल्या कित्येक लॅबमध्ये ती आजही बोर्लंडच्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरच शिकवली जाते. बोर्लंडने हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये बाजारात आणले. नव्या विंडोजला ते ओळखता येत नाही, म्हणून आधी डॉसबॉक्स टाकून संगणकाला म्हातारा करावे लागते. प्रोग्राम चालला की तो जर्नलमध्ये निळ्या पेनाने उतरवायचा. चालला नाही, तर शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवायचा. सबमिशनच्या आठवड्यात या दोन पद्धतींत कोणालाही फरक दिसत नाही, बाहेरून आलेल्या परीक्षकालाही नाही.

सुट्टीला मुलगा गावी येतो, तेव्हा खरी व्हायवा होते.

"कॉम्प्युटरला हायस नव्हं? मग एवढी पीक पाहणी करून टाक की."

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपल्या रानात उभे राहून, पिकाचा फोटो काढून, सातबाऱ्यावर पेरा स्वतः नोंदवायचा. ॲपला रानाचे ठिकाण कळावे लागते आणि नोंद अपलोड करायला रेंज लागते. ती बहुधा रानात नसते, पाण्याच्या टाकीवर असते. संध्याकाळपर्यंत अर्धी भावकी मोबाइल घेऊन दारात उभी असते. डेटा स्ट्रक्चरमध्ये 'क्यू' काय असतो, हे पोराला तिथे उमगते. पगार नाही, चहा आहे.

हा विनोद वाटत असेल, तर २०२० चा खरीप आठवावा. ऑक्टोबरच्या पावसात सोयाबीन बसले. पंतप्रधान पीक विमा योजनेत तेव्हा अशा नुकसानीची सूचना बहात्तर तासांच्या आत द्यावी लागे. ती वेळेत दिली नाही, म्हणून या जिल्ह्यातल्या लाखो शेतकऱ्यांची भरपाई अडली आणि ते भांडण औरंगाबाद खंडपीठातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. पाऊस कोर्टालाही मान्य होता. तोवर भरपाई अडली होती ती न भरलेल्या अर्जापायी.

त्या अर्जांवर काम करू शकणारी पोरे तेव्हाही होतीच. पण पदवी घेतली की ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हिंजवडीला जातात. मोठ्या कंपन्यांत फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि हा आकडा वर्षानुवर्षे इतका स्थिर आहे की शिवकालीन दगडी बुरूज म्हणून त्याची नोंद व्हावी. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांवर लोक कमी करण्याचे जाहीर केले, तरी मामांचा ठराव बदलला नाही. कामही नशिबाने ओळखीचेच मिळू शकते. अमेरिकेतल्या एखाद्या विमा कंपनीचे दावे वेळेत निकाली निघावेत, म्हणून धाराशिवचा अभियंता पहाटे तीनपर्यंत जागतो.

गावच्या या अर्जांनाच अभ्यासक्रमात घ्यायचे ठरवले, तर विद्यापीठांना फार बदल करावा लागणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेतच. तेवढी एक प्रश्नपत्रिका काढली, की झाले.

प्रश्न १. वडिलांच्या नावावर तीन गट, आजीच्या नावावर एक. नोंदवलेला मोबाइल चुलत्याचा, आणि चुलते वारीला गेलेले. ओटीपी मिळवा. (१० गुण)

प्रश्न २. आधारवर ज्ञानोबा, सातबाऱ्यावर ज्ञानदेव, बँकेत ज्ञानेश्वर. हे तिघे एकच आहेत, हे सर्व्हरला पटवून द्या. (२० गुण)

प्रश्न ३. खरीप २०२०. सोयाबीन पाण्यात आहे, वीज गेली आहे, पोर्टल बंद आहे आणि उद्या रविवार आहे. बहात्तर तास नेमके कधीपासून मोजायचे, ते सकारण लिहा. (३० गुण. या प्रश्नाला पर्याय नाही. जर्नल सोबत आणू नये.)