खुराड्यातील रात्रपाळी

परसातल्या खुराड्यात कोंबड्या राहतात, हे विधान दिवसापुरते खरे आहे. दिवेलागणीनंतर तिथे लाल माइटचा अंमल सुरू होतो आणि कोंबड्यांची हजेरी शिधापुरवठ्याच्या खात्यात धरली जाते. हा माइट कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, आठ पायांचा, लांबीला जेमतेम एक मिलिमीटर. शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी. स्वीडनच्या चार्ल्स द गीर यांच्या १७७८ मधील ग्रंथात त्याची नोंद आहे. कोंबड्यांनी त्याच्या कितीतरी आधी तो नोंदवला असणार, पण तेव्हा कोणी विचारले नाही. उपाशी असताना तो करडा दिसतो, पोट भरल्यावर लाल. तो लाल रंग अर्थात त्याचा स्वतःचा नसतो.

त्याची दिनचर्या शिस्तीची आहे. दिवसभर फटीत मुक्काम. अंधार पडून कोंबड्या दांडीवर स्थिरस्थावर झाल्या की दांडीवरून पायावर, पायावरून पिसांत, तिथे भोजन, आणि उजाडायच्या आत पुन्हा फटीत. मादी अंडीही फटीतच घालते. उबदार, दमट हवेत दोन-तीन दिवसांत त्यातून सहा पायांचे पिल्लू निघते. ते काही खात नाही. कुळातला हा एवढाच निरुपद्रवी काळ. पुढे तीनदा कात टाकून, रक्त पिऊन ते आठवड्या-दहा दिवसांत प्रौढ होते आणि प्रपंचाला लागते. थंड हवेत हे जीव अन्नावाचून कित्येक महिने काढू शकतात. त्यामुळे वैतागून कोंबड्या विकल्या आणि पंधरवड्याने नव्या आणल्या, तर त्यांच्या स्वागताला जुने रहिवासी उपाशीपोटी हजर असतात.

खुराड्याची बांधणी या जिवाला फार मानवते. खुराड्यासाठी नवे लाकूड विकत आणण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मोडक्या पलंगाच्या फळ्या, हापूसच्या रिकाम्या पेट्या, गंजका पत्रा आणि घरातल्या कोणाचा तरी उत्साह, एवढ्यावर ते उभे राहते. दर दोन फळ्यांमध्ये एक फट, दर खिळ्याशेजारी एक चीर. कोकणात पाया जांभ्याच्या चिऱ्याचा असतो आणि त्या दगडाला मुळातच अंगभर भोके. त्यावर बसायची दांडी बांबूची: टोकाला पोकळ, सालीला चिरा गेलेल्या आणि जेवण थेट छपरावर आणून बसवलेले. मुद्दाम माइटसाठी बांधायला घेतले असते तर इतके चांगले जमले नसते.

उपद्रव वाढला की पहिली खूण कोंबड्या देतात. संध्याकाळी त्या खुराड्यात जायला नकार देतात आणि पेरूच्या झाडावर चढून बसतात. घरात यावर तीन मते पडतात: मुंगूस आले असावे, कोंबड्या माजल्या आहेत, किंवा कोणाची तरी नजर लागली. पुढे तुरे फिके पडतात, अंडी घटतात, कवचांवर बारीक लाल ठिपके दिसतात. सर्वांत हाल रवणावर बसलेल्या कोंबडीचे. एकवीस दिवस रात्रंदिवस एका जागी बसणारे गिऱ्हाईक माइटला दुसरे मिळत नाही. त्रास असह्य झाला की ती अंडी सोडून उठते आणि घरातली माणसे तिच्या मातृत्वाविषयी नको ते बोलतात. कोवळी पिल्ले तर रक्त कमी होऊन मरतातही.

खात्री करायची तर रात्री करावी. अंधार पडून तास-दोन तास झाले की पांढरे फडके दांडीच्या खालच्या अंगाने दाबून फिरवावे. फडक्यावर लाल रेघोट्या उमटल्या की निदान पक्के. दिवसा फटींच्या तोंडाशी राखेसारखी भुकटी दिसते. ती त्यांची कात, अंडी आणि विष्ठा. रात्रीच्या परीक्षेआधी शेजाऱ्यांना कळवून ठेवणे हिताचे, कारण टॉर्च आणि फडके घेऊन कमरेपर्यंत खुराड्यात शिरलेला मनुष्य कुंपणापलीकडून कोंबडीचोरच दिसतो. परीक्षकाला दुसऱ्या दिवशी खाज सुटते. हे माइट माणसालाही चावतात, पण माणसावर संसार करू शकत नाहीत. अंघोळीने ते जातात. ते गेल्याचा विश्वास बसायला मात्र आठवडा लागतो.

उपचाराची सुरुवात बहुतेक घरांत कोंबडी पकडण्यापासून होते. सगळे घर अंगणभर धावते, कोंबडी शेवटी सापडते, तिला नखशिखांत भुकटी चोळली जाते आणि ती अपमान गिळून निघून जाते. तोवर माइट फटीत झोपलेले असतात. ज्यांनी ढेकणांचा काळ पाहिला आहे त्यांना हे नीट कळेल: ढेकूण घालवायला माणसाला औषध लावत नाहीत, पलंग उन्हात काढतात. इथेही आजार घराला झालेला असतो. अपवाद ऑर्निथोनिसस या दुसऱ्या माइटचा. तो दिवसाही कोंबडीच्या अंगावर राहतो. शेपटीखालची पिसे मळकट, काळपट दिसली तर तो आहे असे समजावे आणि तेव्हा मात्र कोंबडीलाच औषध लागते.

घराचा उपचार असा: खुराडे रिकामे करून जुना पेंढा जाळावा. दांड्या आणि अंड्यांच्या पाट्या बाहेर काढून रखरखीत उन्हात टाकाव्यात. फटी खरवडून साबणाच्या कढत पाण्याने धुवाव्यात. वाळल्यावर चुन्याचा दाट हात द्यावा, म्हणजे बारीक चिरा बुजतात. काही जण फटींत रॉकेल सोडतात, काही जण बत्तीची ज्योत फिरवतात. दोन्ही एकाच दिवशी करू नये. माइट जातात, पण खुराडेही जाते. नव्या दांड्या भिंतीला न टेकवता पायांवर उभ्या कराव्यात आणि ते पाय तेलाच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्यांसाठी फडताळाचे पाय पाण्यात ठेवणाऱ्या आज्यांना ही युक्ती नवी नाही.

एवढ्याने अंडी मरत नाहीत. ती उबतात आणि आठवड्याने खुराडे पुन्हा आबाद होते. म्हणून सात-आठ दिवसांनी सगळे पहिल्यापासून करायचे, आणि त्यानंतर पुन्हा एकदा. पहिल्या सफाईला सारे घर असते, दुसरीला एकटा घरधनी आणि तिसरीच्या दिवशी नेमके कोणाचे तरी लग्न निघते. माइटचे राज्य टिकते ते या तिसऱ्या दिवसावर.

कीटकनाशक वापरायचे असेल तर पशुवैद्यकाला विचारून, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच लाल माइटवर फवारलेल्या औषधात फिप्रोनिल निघाले. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर तिथे त्याला बंदी होती. लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली आणि प्रकरण हाँगकाँगपर्यंत पोचले.

राखेचे महत्त्व मर्यादित, पण खरे आहे. राख आणि कोरडी माती कोपऱ्यात टाकली की कोंबड्या आपणहून त्यात लोळतात. अंगावरच्या उवा आणि माइट त्याने कमी होतात. फटीतल्यांना त्याची झळ पोचत नाही. शिवाय घरोघरी गॅस आल्यापासून राख मिळवणे हेच काम झाले आहे. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी आणि ती ज्या करंडीतून आली ती करंडी खुराड्याजवळही नेऊ नये. चिमण्या-पारवेही हे पाहुणे आणतात, म्हणून त्यांची घरटी छपराखाली नसावीत.

लाल माइट एकदा आला की कायमचा घालवणे कठीण असते. त्याला आटोक्यात ठेवता येते. खुराडे बांधताना फटी कमी ठेवाव्यात, दांड्या सहज काढता येतील अशा बसवाव्यात आणि तिसऱ्या सफाईच्या दिवशी लग्नाला घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे.