खंजिरी वाजते, बुवा गप्प

महाराष्ट्रात तळेगावं पुष्कळ. पुणे जिल्ह्यात दाभाड्यांचं आणि ढमढेऱ्यांचं, अमरावती जिल्ह्यात दशासर, आमच्याच वर्धा जिल्ह्यात टालाटुले आणि आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, आमचं श्यामजी पंतांचं. एरवी याचा त्रास नाही. पंत कंसात असतात, एसटी बरोबर येते. त्रास होतो तो घरचं नेट बंद पडल्यावर कंपनीला फोन लावला की. "तळेगाव दाभाडे ना सर?" पलीकडची मुलगी मोठ्या खात्रीने विचारते. नाही म्हटलं की, "मग ढमढेरे?" ती पंतांपर्यंत पोचेस्तोवर कधीकधी नेट आपोआप आलेलं असतं, आणि मग तक्रार सोडवल्याबद्दल ती आपल्याकडे पाच तारे मागते.

गावात कुणाचा संगणक बिघडला की बोलावणं मला येतं. कारण मी फार पूर्वी एमएस-सीआयटी पास झालो आणि आईनं ते प्रमाणपत्र समोरच्या खोलीत देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलं. नमस्काराला येणारा माणूस ओळीने सगळ्यांना हात जोडतो, त्यात मीही येतो. या भक्तिभावामुळे मला बरीच घरं पाहायला मिळाली, आणि त्यातून माझा एक सिद्धांत तयार झाला. आवाज गेला तर दोष हाताच्या अंतरावर असतो आणि लोक तो दूर शोधतात. नेट गेलं तर दोष दूर कुठंतरी असतो आणि लोक घरातल्या वायरी हलवत बसतात.

आवाजाचं आधी सांगतो. संगणकाच्या पाठीमागे तीन भोकं असतात: हिरवं, गुलाबी, निळं. हे रंग दुकानदाराच्या आवडीचे नाहीत. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीत ते ठरवून दिले, तेव्हापासून जगभर स्पीकरला हिरवा, माइकला गुलाबी आणि बाहेरून आत येणाऱ्या आवाजाला निळा. पण दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या पिना निघतात, आणि परत लावणारी बाई त्यातला सगळ्यात गोड रंग निवडते. मग स्पीकर माइकच्या जागी बसतो आणि घर मुकं होतं. अशा वेळी घरातला कर्ता पुरुष काय करतो? नागपूरला असलेल्या जावयाला फोन.

माझ्या भाच्याचा तर सगळ्या दुखण्यांवर एकच काढा. "मामा, विंडोज मारा लागते." आवाज गेला, विंडोज मारा. प्रिंटर अडकला, विंडोज मारा. यानंच मॅच पाहायला संगणक टीव्हीला जोडला होता. एचडीएमआयच्या तारेतून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि संगणकानं एकदा आवाज टीव्हीकडे वळवला की कित्येकदा तो तिकडेच वळलेला राहतो. दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या टीव्हीला संगणक इमानानं आवाज पाठवत होता. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून आवाज कुठं जायचा ते निवडायचं, एवढंच काम. भाच्याला ते पटलं नाही. इतक्या सोप्या उपायावर त्याचा विश्वास बसत नाही.

बाबा इथल्याच एसटी आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांनी भाच्याला एकदाच सुनावलं, "गाडी चालू नाही झाली तं पह्यले डिझेल पाहा लागते. इंजिन नाही उतरवा लागत." एरवी बाबा संगणकावर नाराज असतात, कारण तो बिघडला तरी आवाज करत नाही. ज्यानं आयुष्यभर इंजिनची घरघर ऐकून नोझल कोणतं गेलं ते सांगितलं, त्याला हा मुका रोगी कसा आवडावा?

पण त्यांच्या कानाला एक दिवस काम मिळालं. गुरुकुंज मोझरी आमच्याच रस्त्यावर पुढे, त्यामुळे घरात सकाळी तुकडोजी महाराजांची भजनं. कुठल्याशा मंडळाची नवी रेकॉर्डिंग लावली होती. आई देवघरातून ओरडली, "काहून रे, बुवा कुठी गेला?" खंजिरी खणखणीत वाजत होती, टाळ होते, मागचं हार्मोनियमही होतं. गाणारा तेवढा गायब. भाचा म्हणाला, व्हायरस. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "अर्थिंग सुटली."

आणि तेच होतं. स्टिरिओत गायकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच ठेवतात, वाद्यं थोडी इकडं, थोडी तिकडं. पिन अर्धवट बसली आणि दोन्ही बाजूंची सामाईक तार सुटली, की स्पीकरमधून फक्त दोन बाजूंमधला फरक बाहेर येतो. जे दोन्हीकडे सारखं, ते वजा. म्हणून बुवा गेला, खंजिरी उरली. बाबांनी अंगठ्यानं पिन आत दाबली आणि बुवा पुन्हा गाऊ लागला. गायकाचा आवाज पुसून वाजंत्री ठेवण्याची जुनी युक्ती याच वजाबाकीवर चालते; आमच्याकडे ती केरसुणीच्या धक्क्यानं साधली.

नेटची गोष्ट वेगळी. पूर्वी नेटलाही आवाज होता. व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेवरून, आणि मोडेम नंबर फिरवून किंचाळायचा. किंचाळी मध्येच तुटली तर जोडणी फसली, हे शेजारच्या खोलीतही कळायचं. बाबांसारख्यांचा तो काळ होता. आताचा राउटर नुसते डोळे मिचकावतो.

तरी त्याला विचारायची एक रीत आहे, आणि ती डेपोतलीच: जवळून दूर जायचं. संगणकाला पत्ता मिळालाय का ते आधी पाहायचं. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर समजायचं, राउटरनं पत्ता दिलाच नाही. लग्नात कुणी बसवलं नाही म्हणून स्वतःच पंगतीत पाट मांडून बसलेल्या पाहुण्यासारखा संगणक बसलाय, पण त्याच्या पानात काही पडणार नाही. मग राउटरला हाक मारायची, पिंग करून. तो ओ देतो, तर बाहेर ८.८.८.८ ला. तिथूनही उत्तर येतं, पण साइट नावानं उघडत नाही, तर नावावरून आकडा शोधून देणारं डीएनएस अडलंय. आणि डब्यावर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर यातलं काहीही न करता चहा ठेवायचा. कारण प्रकाशच येत नाही.

आमच्याकडे बहुधा चहाच ठेवावा लागतो. हमरस्त्याचा क्रमांक सहाचा त्रेपन्न झाला, पण त्याच्या कडेची खोदाई थांबली नाही. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून सगळ्या गावाचे सातबारे, संत्र्याचे भाव आणि पुण्यातल्या नातवंडांची तोंडं येतात, आणि जेसीबीचा एक दात त्यावर पडतो. तिकडे ते चाललेलं असताना घरोघरी लोक राउटर बंद-चालू करतात, कुणी तो खिडकीत ठेवतं, कुणी पुसून घेतं. मग आर्वीकडून फायबरवाला पोरगा येतो. त्याच्याजवळ एक यंत्र असतं. ते काचेत प्रकाश सोडतं, तो तुटलेल्या टोकावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि तूट किती मीटरवर आहे ते सांगतं. "दादा, तुमच्या घरचा प्रॉब्लेम नाहीच हाये," असं तो म्हणतो, तेव्हा घरच्यांना चारित्र्याचा दाखला मिळाल्याचं समाधान होतं.

माझा सिद्धांत असा दोन पायांवर छान उभा होता. मग परवा आमच्याच घरी बँकेची साइट उघडेना. दुसरीही उघडेना. 'सुरक्षित नाही' म्हणायची. राउटरचे दिवे हिरवे, पिंगला उत्तर, भजन खणखणीत, बुवासकट. फायबरवाल्यानं हात वर केले. आईचं म्हणणं, कंपनीला फोन कर. भाचा पेनड्राइव्ह घेऊन दारात उभाच होता.

दोष जवळ नव्हता, दूरही नव्हता. तो काळात होता. मदरबोर्डवर तीन व्होल्टचा एक सेल असतो, सीआर२०३२, रुपयाच्या नाण्यासारखा चपटा. वीज नसताना संगणकाचं घड्याळ त्याच्यावर चालतं. आमच्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटणच बंद करायची शिस्त, म्हणून तो बिचारा रात्रंदिवस राबून संपला. घड्याळ मागं गेलं. आणि प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाच्या हिशेबानं बँकेचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं.

मी हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात बाबांनी चष्मा लावून पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. १ जानेवारी २००९.

"म्हंजे मी आजून ड्युटीवर हावो," ते म्हणाले. "सेल नंतर आणू. पह्यले महागाई भत्त्याचा फरक निघते का पाह्य."