दणका हवा, घुमारा नको

सुरतेच्या रिंग रोडवर कापडाच्या कोणत्याही दुकानात जा. तुम्हाला एकच साडी घ्यायची आहे हे दुकानदाराला दिसत असतं, तरी तो गादीवर ढीगभर साड्या उलगडतो. पदर दाखवतो, पोत बोटांनी चाचपू देतो, रंग नीट कळावा म्हणून साडी दाराशी उजेडात नेतो. याच शहरात हेडफोन घ्यायला गेलं की काचेच्या कपाटातून सीलबंद खोका बाहेर येतो आणि त्यावर हात ठेवून दुकानदार सांगतो, "खोलला तर घ्यावाच लागेल, भाई." तीनशे रुपयांच्या साडीला असलेली मोकळीक पाच हजारांच्या हेडफोनला नाही. ही गोष्ट मला मनापासून खटकते.

मी मेटल ऐकतो, त्यामुळे जास्तच खटकते. "बेस कसा आहे?" असं विचारलं की दुकानदाराचा चेहरा खुलतो. एकदम जोरदार आहे म्हणतो. फारच मागे लागलं तर डेमोची एखादी जोडी काढतो आणि त्यावर गरब्याचं डीजे रिमिक्स लावतो. त्या रिमिक्सवर मेटलच्या हेडफोनची परीक्षा होऊ शकत नाही, हे मला दर वेळी समजावून सांगावं लागतं, आणि ऐकून घ्यायला कोणालाच वेळ नसतो. म्हणून इथे सांगतो.

मिनिटाला १२० ठोक्यांच्या नाचाच्या गाण्यात बेस ड्रम अर्ध्या सेकंदाला एकदा वाजतो. दोन ठोक्यांच्या मधे हेडफोनच्या पडद्याला शांत व्हायला भरपूर सवड असते. ठोका थोडा घुमला, रेंगाळला, तर तो नाचणाऱ्याला आवडतोही. मेटलमध्ये ड्रमर दोन्ही पायांनी दोन पेडलं चालवतो. लय २०० ची असेल आणि एका मात्रेत चार ठोके असतील, तर सेकंदाला साधारण तेरा ठोके पडतात. दोन ठोक्यांमध्ये उरतात ७५ मिलिसेकंद. आता ४० हर्ट्झचं एक कंपन पूर्ण व्हायलाच २५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तीन हेलकावे झाले की पुढचा ठोका दारात उभा. पडदा तोवर थांबला नसेल तर तेरा ठोक्यांची एकच सलग घरघर होते. मेशुगा बँडच्या २००८ सालच्या 'ऑब्झेन' अल्बममधलं 'ब्लीड' हे सात मिनिटांचं गाणं बहुतेक वेळ ड्रमरच्या पायांवर उभं आहे. ते अशा हेडफोनवर ऐकलं की पाय हरवतात आणि मागे नुसता गुरगुराट राहतो. मुंबईच्या 'भयानक मौत' या बँडचंही तेच होतं. आपल्या शेजारच्या शहरातल्या पोरांनी जीव तोडून वाजवलेला ड्रम चिखलात गेलेला मला सहन होत नाही.

मला बेस जास्त नको आहे. तो वेळेवर यायला हवा आणि वेळेवर थांबायला हवा. खोक्यावर मात्र त्याच्या थांबण्याबद्दल अवाक्षर नसतं. तिथे असतं २० ते २०,००० हर्ट्झ. दीड हजाराच्या हेडफोनवर हेच आणि पंधरा हजारांच्या हेडफोनवरही हेच. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वरखाली होतो हे सांगितल्याशिवाय या आकड्याला काही अर्थ नाही, आणि ते क्वचितच सांगितलेलं असतं. दुसरा आकडा ड्रायव्हरचा, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या चकतीच्या व्यासाचा, ४० किंवा ५० मिलिमीटर. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला बेस, हे सगळ्या काउंटरवर पाठ झालेलं आहे. पडदा कशाचा आहे, कपाच्या आतली हवा कशी बांधली आहे, कुशन कानाभोवती किती घट्ट बसतं, यावर बेस ठरतो. व्यास हा त्यातला एक लहानसा भाग.

मेटलमध्ये खालचा सूर इतका महत्त्वाचा का, त्याचं मूळ एका कारखान्यात आहे. पुढे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक झालेला टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडं चिकटवलं, आणि पुढे तारा सैल करून गिटार खालच्या सुरात लावली. ब्लॅक सॅबथच्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' अल्बमवर त्याच्या गिटारची सर्वांत जाड तार बऱ्याच गाण्यांत सुमारे ६९ हर्ट्झवर उतरली आहे. साध्या गिटारवर ती ८२ वर असते. ६९ हर्ट्झ म्हणजे बेस ड्रमच्या अगदी अंगणात. गिटार, बेस गिटार आणि ड्रम तिघेही तळाशी दाटीने राहतात, आणि ती दाटी सोडवून दाखवणं हेच हेडफोनचं काम. यंत्रांवर राबणाऱ्या लाखोंच्या सुरतेत हे संगीत परकं वाटायचं मला कारण दिसत नाही. खानदेशातून आलेली आमची किती घरं उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात लूमच्या आवाजातच वाढली.

दणक्यातला अर्धा भाग तर बेस नसतोच. ड्रमच्या कातड्यावर पेडलचा हातोडा आदळतो तेव्हाचा 'टक' दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो. तो नीट उठावा म्हणून ड्रमर हातोडा लागतो त्या जागी नाणं किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा चिकटवत आले आहेत. खालचा आवाज फुगवला की वरचे बारीक आवाज त्याखाली झाकले जातात, ही आपल्या कानाचीच रीत आहे. म्हणजे बेस वाढवला की दणका कमी होतो! हे वाक्य मी ज्या ज्या विक्रेत्याला सांगितलं, त्याने आणखी बेसवाला खोका काढून दिला.

इक्वलायझर लावा, असा सल्ला मिळतो. लावतो. तळ उचलण्याऐवजी २०० ते ३०० हर्ट्झचा गाळ दोन-तीन डेसिबल खाली आणला तर खरंच फरक पडतो. पण रेंगाळणारा पडदा त्याने पूर्ण सुधारत नाही. आणि मेटालिकाच्या १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडची बेस गिटार मिक्समध्येच दाबलेली आहे, ती कोणत्याही हेडफोनने वर येणार नाही.

उघड्या पाठीचे हेडफोन मोकळा आवाज देतात असं जाणकार म्हणतात आणि ते खरं आहे. पण ते बाहेरचा आवाजही आत घेतात, म्हणून शटल लूमच्या शेडजवळ राहणाऱ्याला ते निरुपयोगी. शेडच्या आत आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. भिंतीपलीकडून येणारी खटखट बुजवायला माणूस आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८९ ला पाचच तास उरतात. म्हणून इथे बंद पाठीचे हेडफोन ही कान वाचवायची गरज आहे. गोंगाट रद्द करणारी इलेक्ट्रॉनिक सोय भुसावळच्या गाडीतली सलग घरघर छान घालवते, लूमची तुटक खटखट घालवत नाही. शिवाय चष्मा. चष्म्याच्या काडीने कुशन जरासं उचललं तरी तिथून सगळ्यात आधी खालचा बेस गळतो. सुरतेत चष्मेवाले कमी नाहीत, पण ही गोष्ट एकाही दुकानात मला सांगितली गेलेली नाही.

स्टुडिओसाठी बनवलेले बंद हेडफोन, ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स किंवा बायरडायनॅमिक डीटी ७७० सारखे, कानाला लावून बघायचे म्हटलं तर "ऑनलाइन मागवा" एवढंच उत्तर. डीटी ७७० हा ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो आणि २५० वाला साध्या फोनवर दबका वाजतो, हे कोण सांगणार? वायरवाला मागितला की जुना माल मागितल्यासारखं बघतात.

आणि कुशन. बहुतेक हेडफोनवर पातळ रेक्झिन असतं. सुरतेच्या दमट उकाड्यात, घामात, ते दोन-तीन पावसाळ्यांत सुटायला लागतं आणि काळे पापुद्रे कानाला, मानेला, सदऱ्याच्या कॉलरला चिकटतात. फाटक्या कुशनमधून हवा गळते, म्हणजे बेसही जातो. ड्रायव्हर ठणठणीत असतो, वायर ठणठणीत असते. बदली कुशन मागितलं तर ते वॉरंटीत बसत नाही आणि सुटं मिळत नाही. फोमच्या दोन चकत्यांपायी चांगला चालता हेडफोन भंगारात द्यायला मी तयार नाही. रिंग रोडला फोमही मिळतो आणि मखमलही मिळते, आणि लिंबायतीत ती शिवून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. माझ्या हेडफोनची कुशनं आता तिथे शिवायला दिली आहेत.