उन्हाळ्याचं संशोधन, दिवाळीत

उन्हाळ्यात संशोधन करायचं तर अर्ज फराळाच्या डब्याशेजारी बसून भरावा लागतो. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या संयुक्त ग्रीष्मकालीन फेलोशिपची मुदत साधारण नोव्हेंबरातच संपते. आपल्याला तिचा पत्ता लागतो मार्चमध्ये, तोही निवड झालेल्या मुलाच्या स्टेटसवरून.

मग पत्रमोहीम. देशभरच्या प्राध्यापकांना एकच मजकूर: ‘सर, आपल्या संशोधनाने मी लहानपणापासून भारावलो आहे.’ संबोधनात आधीच्या सरांचं नाव तसंच राहिलेलं.

शिफारसपत्राची तर बातच न्यारी. ज्या सरांना आपला रोल नंबरही आठवत नाही, ते लिहितात, ‘याला मी जवळून ओळखतो.’ लिहितात म्हणजे सही करतात. स्वतःच्या जिज्ञासू वृत्तीचं कौतुक विद्यार्थ्यानेच टाइप करून आणलेलं असतं. वर प्रश्न: संशोधनाचा पूर्वानुभव? अहो, तोच तर मागायला आलोय!

एवढं करून निवड झालीच, तर प्रयोगशाळा बोलावते मे महिन्यात आणि विद्यापीठाचा पेपर नेमका तेव्हाच. मुलांनो, अर्ज दिवाळीतच भरा. आणि परीक्षा विभागातल्या साहेबांनो, निदान वेळापत्रक तरी होळीपर्यंत लावा.